सावरीची काडतुसं

चारुदत्त खांबेटे यांच्या हातात बंदूक पाहिली तर कुणालाही हसू आलं असतं. मला आलं होतं. स्वेटरवर स्वेटर, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि पुढे ती लांबलचक, पणजोबांच्या वयाची रायफल. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे चारुकाका म्हणजे जिन्यात गोगलगाय दिसली तर तिला कागदावर उचलून बाहेर झाडाखाली ठेवणारा माणूस. ते शनिवारी शूत्सनफराइनमध्ये, म्हणजे गावच्या नेमबाजी क्लबात जातात हे कळलं, तेव्हा मला वाटलं तिथे हिशेब बिशेब बघत असतील.

आमचं गाव स्टुटगार्टच्या एस-बानच्या, म्हणजे लोकल गाडीच्या, एका टोकाला. वर द्राक्षांचे मळे, खाली बेकरी, चर्च आणि पसरलेली शांतता. मी पुण्याहून नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी इथे आले आणि पहिल्या आठवड्यातच केरवोखेवरून शेजारणीचं बोलणं खाल्लं. केरवोखे म्हणजे पाळीपाळीने जिना झाडायचा आठवडा. माझी पाळी होती हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी चारुकाका झाडू घेऊन खाली आले, माझा जिना झाडला आणि म्हणाले, "मालिनी ना तू? घाबरू नकोस. इथे झाडू मारला की माणूस निम्मा जर्मन होतो. उरलेला निम्मा कधीच होत नाही."

ते मूळचे कऱ्हाडचे. सत्तरच्या दशकात गिअरबॉक्सच्या कारखान्यात ड्रॉइंग करायला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. लताकाकू दोन हजार तीनमध्ये कॅन्सरने गेल्या. मुलगा सिद्धेश डार्मश्टाटला. रविवारी त्याचा फोन यायचा. काका मराठीत विचारायचे, तो जर्मनमध्ये "जा, पापा. गेनाऊ, पापा," म्हणजे हो पापा, अगदी बरोबर पापा, असं उत्तर द्यायचा. हवामान संपलं की फोन संपायचा. काकांना कुणी वाईट वागवत होतं असं अजिबात नाही. मंडळाच्या गणपतीत त्यांना आग्रहाने वाढायचे, बेकरीवाली नावानिशी ग्रुस गॉट म्हणून नमस्कार करायची. फक्त ते आले नाहीत तर कुणाच्या लक्षात यायचं नाही.

लक्षात यायचं ते एका माणसाच्या. समोरच्या घरातले हेर, म्हणजे श्रीयुत, हेगेले, निवृत्त गणितशिक्षक. लताकाकू गेल्यावर काका दर आठवड्याला केरवोखे करायला लागले, स्वतःची पाळी असो वा नसो. हेगेले खिडकीतून बघत होते. एक दिवस रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "तुमचा जिना आता स्वच्छ झाला आहे. शनिवारी क्लबात या." काका गेले. आधी कॉफी करायला, मग बघायला, मग शिकायला. परीक्षा झाल्या, परवाना झाला. श्वास रोखून निश्चल बसणं त्यांना छान जमायचं. लताकाकू गेल्यावर घरात दुसरं काय केलं होतं त्यांनी? जर्मन लोक 'चारु'चा उच्चार 'खारु' करत, आणि मी त्यांना चिडवायचे, "काका, इतकी वर्षं राहून शेवटी खार झालात!" ते हसायचे. हे हसू शनिवारचं होतं. आठवड्यातून एक दिवस त्यांची कुणीतरी वाट बघत होतं, आणि सगळा जीव त्यांनी त्या एका दिवसाला टांगून ठेवला होता.

आणि मग ते पडले. पाच सालच्या हिवाळ्यात, फुटपाथवरचं बर्फ काढताना. खांद्याचा स्नायू फाटला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बंदुकीचा दणका या खांद्याला यापुढे चालणार नाही. काका माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सांगत होते आणि मी मूर्खासारखं म्हटलं, "मग काय, पत्ते खेळा त्यांच्याशी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅसकडे वळले.

तेव्हा हेगेलेंचे डोळेही गेल्यात जमा होते. समोरच्या वस्तूच्या मधोमध काळा ठिपका, कडांनी थोडंफार दिसायचं. त्यांच्या घरात पणजोबांची एकेक गोळी घालून मारायची रायफल होती. जाड काडतुसाची, जड, आणि सव्वाशे वर्षांत एक ओरखडा न पडलेली. हेगेलेंना निशाणा दिसत नव्हता आणि काकांना दणका सोसत नव्हता. हेगेलेंनी तोडगा काढला. काकांनी वेगळा परवाना काढून काडतुसं स्वतः भरायची, त्यात दारू कमी घालायची. दणका कमी. रायफल टेकून ठेवायची, काकांनी नेम धरायचा, हेगेलेंनी शेजारी बसून आवाज ऐकायचा.

"दारू कमी करायची," काकांनी मला गंभीरपणे सांगितलं.

"डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात," माझा नवरा आतून ओरडला.

पण हे प्रकरण दिसतं तसं साधं नव्हतं. काकांनी मला ते चहाच्या टेबलावर मिठाच्या बरणीने समजावलं होतं. जुन्या काडतुसाची पुंगळी मोठी. दारू कमी घातली की आत निम्मी पोकळी उरते. दारू त्या पोकळीत इकडून तिकडे लवंडते, बुडाची ठिणगी कधी तिला नीट लागते, कधी लागत नाही, आणि कधी भलतंच काही होतं. म्हणून दारू आणि गोळी यांच्यामध्ये काहीतरी हलकं, फुगीर भरायचं, म्हणजे दारू बुडाशी बसून राहते. मात्र ते भरलेलं दारूपासून थेट गोळीपर्यंत पोचायला हवं. मध्ये फट राहिली तर तो बोळा आत सुटतो आणि गोळीच्या बुडावर घणासारखा आदळतो. नळी तिथल्या तिथे आतून फुगते. शिवाय बोळा घातल्यावर आतली दारू दिसत नाही. चुकून दोनदा पडली असेल तर कळणारच नाही, म्हणून प्रत्येक पुंगळीत आधी दिवा धरून बघायचं. आणि भरायची वस्तू बदलली तर आधीचं सगळं शिकलेलं रद्द समजून पहिल्यापासून सुरुवात. हेगेले हे वर्गात बसवून घ्यावं तसं घोकून घ्यायचे. काका सगळं मान खाली घालून ऐकायचे, लताकाकूंच्या केमोच्या गोळ्यांची वेळ ऐकायचे तसं.

भरायला हेगेले वापरायचे ती वस्तू म्हणजे कापोक. त्यांची पिशवी संपत आली तेव्हा त्यांनी शेवटची चिमूट काकांच्या तळहातावर ठेवली. रेशमासारखी, पिवळसर, फुंकरीने उडणारी.

"अहो, ही तर आमची सावरी!" काका मराठीतच ओरडले.

त्या संध्याकाळी ते जिना चढून थेट माझ्याकडे आले. मी त्यांना इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं. काखेत उशी. लग्नानंतर लताकाकू इकडे यायला निघाल्या तेव्हा काकांच्या आईने सोबत दिलेली, सावरीच्या कापसाची उशी. तीस वर्षं त्यांच्या कपाटात होती, कारण इथल्या मोठ्या चौकोनी उशांच्या खोळीत ती बसायची नाही. "मालिनी, अगं, यांच्या त्या कापोकसाठी हे लोक दुकानं शोधतात! आणि माझ्या कपाटात आईने भरून ठेवलाय!"

पुढच्या शनिवारी मी त्यांना गाडीने सोडलं, कारण खांद्यामुळे ते गाडी चालवत नव्हते. मीही आत गेले. काकांनी उशीचा कोपरा उसवला होता. त्यातून त्यांनी बोट घालून चिमूट काढली, हेगेलेंच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्याने ती चोळली, फुंकली, गालाला लावली. "प्रिमा," ते म्हणाले, म्हणजे उत्तम. आणि मग काका बोलायला लागले. काटेरी झाडाबद्दल, पानं नसताना येणाऱ्या लाल फुलांबद्दल, उन्हाळ्यात बोंडं फुटून अंगणभर उडणाऱ्या कापसाबद्दल. बिअरचे ग्लास हातात धरून दहाबारा इथलेच स्वाबियन म्हातारे ऐकत होते. तीस वर्षांत कुणी या माणसाला विचारलं नव्हतं की तुझ्या गावात कोणती झाडं आहेत. "आल्झो," कुणीतरी शेवटी म्हणालं, "तर मग आता आपल्या क्लबात भारतीय काडतुसं!" आणि सगळे हसले. चांगलं हसले.

सहा सालचा उन्हाळा काकांनी राजासारखा काढला. सगळा देश फुटबॉलच्या विश्वचषकात बुडालेला, खिडक्यांतून झेंडे, आणि आमचे काका टेबलाशी बसून औषधाच्या तराजूवर कापसाच्या चिमटी तोलतायत. प्रत्येक चिमूट सारख्याच वजनाची. हेगेलेंनी सांगितलं होतं ना, रोज एकच माप. मी म्हणायचे, "काका, चकल्या करायच्या आहेत, मदत करा." ते म्हणायचे, "थांब गं, हात हलेल." सिद्धेशला फोनवर सांगायला त्यांच्याकडे आता हवामानाव्यतिरिक्त काही होतं. सिद्धेश जर्मनमधून म्हणायचा, "पापा, काळजी घ्या." तेवढंसुद्धा ते मला दोनदा सांगायचे.

ऑक्टोबरातला तो शनिवार मला विसरायचा आहे, पण जमत नाही.

पाऊस नव्हता, थंडी नव्हती, काहीही वेगळं नव्हतं. मी मागे कानावर टोप्या चढवून बसले होते. काकांनी काही गोळ्या झाडल्या. मला तरी सगळे आवाज सारखेच वाटले. मग एका गोळीनंतर हेगेलेंनी मान वर केली आणि हात आडवा धरला. "हाल्ट."

काका थांबले. पुंगळी बाहेर येईना. दुसऱ्या बाजूने दांडी घालून ती ठोकून काढावी लागली. हेगेलेंनी ती हातात घेतली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. अंगठ्याचं नख तोंडापासून खाली सावकाश फिरवत आणलं. एका जागी नख अडलं. त्यांनी पुंगळी गोल फिरवली. नख सगळीकडून अडलं. बांगडीसारखा फुगवटा होता. त्यांनी ती काकांच्या तळहातावर ठेवली, आणि काकांच्या नखाने तोच फुगवटा शोधेपर्यंत वाट पाहिली.

कुणीतरी नळीत दिवा घातला. मीही वाकून बघितलं. चकचकीत नळीत, काडतूस बसतं त्याच्या पुढच्या टोकाला, एक गडद वळं पडलं होतं. सव्वाशे वर्षांत न पडलेलं.

"माप तेच होतं," काका म्हणाले. "हेर हेगेले, शपथ घेतो, वजन तेच होतं."

"माहीत आहे," हेगेले म्हणाले. "कापूस द्या."

काकांनी डबी दिली. हेगेलेंनी पाण्याचा ग्लास मागवला आणि डबीतली चिमूट पाण्यात सोडली. कापोक पाण्यात बुडत नाही, तरंगतो. आम्ही सगळे त्या ग्लासाभोवती उभे होतो. थोडे तंतू वर राहिले. बाकीचा गोळा ओला झाला, करडा झाला, आणि हळूहळू तळाला जाऊन बसला.

मला तेव्हाच कळलं. कऱ्हाडच्या कुठल्यातरी पिंजाऱ्याने काकांच्या आईला फसवलं होतं. कडेला सावरी, पोटात साधा कापूस. आपल्याकडे उशी घेताना सगळे कोपरा दाबून बघतात, पोट कोण उसवतं? आणि आपल्या भाषेत दोन्हीला कापूसच म्हणतात, त्यामुळे काकांना कधी शंकासुद्धा आली नाही. उन्हाळाभर ते कोपरे वापरत होते. ऑक्टोबरात हात पोटात पोचला. साधा कापूस जड. त्याच वजनाची चिमूट निम्मीच जागा भरते. काकांनी माप इतकं इमानाने पाळलं की फट राहिली. वजन पाहिलं, जागा पाहिली नाही. हातात घेऊन चोळलं असतं तरी कळलं असतं, पण आईच्या उशीतला कापूस कोण चोळून बघतो?

मला वाटलं, आता म्हातारा ओरडेल. ओरडावं अशी मी देवाची प्रार्थना करत होते. एखादी सणसणीत शिवी घातली असती तर काकांना रडता आलं असतं, माफी मागता आली असती, पुढच्या शनिवारी तोंड दाखवता आलं असतं. हेगेले उठले, काकांच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचा चेहरा शाबूत आहे, खारु. नळीनेच सोसलं." मग ते ओव्हरकोट घालून भिंतीच्या आधाराने बाहेर गेले. बाकीचे आपापल्या जागी गेले. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. या लोकांच्या सभ्यपणाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

काका बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, नळी आतून कोरून नवी नळी बसवता येईल. हेगेले नको म्हणाले. मग ती रायफल पणजोबांची राहणार नाही, म्हणाले. ते खरंच होतं. रायफल त्यांनी भिंतीवर टांगली आणि क्लबात जाणं सोडलं. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्लबाने काकांना काढलं नाही. उलट सेक्रेटरी घरी आला, म्हणाला, ज्येष्ठांच्या गटात हवेची बंदूक टेकून मारतात, दणका नाही, दारू नाही, या. काका "जा, जा" म्हणाले आणि गेले नाहीत. मी भांडले. "अहो काका, जा की! चूक झाली, मुद्दाम केलीत का?" ते म्हणाले, "अगं, तिथे हेगेले नाहीत." "मग त्यांच्या घरी जा, समोरच तर राहतात!" तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून माझं भांडण संपलं. ते गेले होते. हेगेलेंनी दार उघडलं, कॉफी केली, पाय अडखळत असताना स्वतः कप आणून दिले, चौकशी केली. रायफल त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होती. दोघे तिच्याबद्दल बोलले नाहीत, आणि दुसरं बोलण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. निघताना हेगेले दारात म्हणाले, "परत या." काका म्हणाले, "हो." दोघांनाही ठाऊक होतं.

मी आईला फोन करून पाव किलो शुद्ध सावरी मागवली, पोस्टाने. काकांसमोर ठेवली. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. "तुझ्या बाळाला कर उशी," म्हणाले. माझी निधी तेव्हा सहा वर्षांची होती. मी पाकीट उचललं.

सात सालच्या मार्चमध्ये हेगेले गेले. झोपेत. काकांना ते बेकरीत कळलं, सात घरं पलीकडच्या बाईकडून. अंत्यविधीला क्लब झेंडा घेऊन उभा होता, हिरवे कोट, टोप्यांना पिसं. सेक्रेटरीने काकांना हाताने खुणावलं, रांगेत या. काका हलले नाहीत. माझ्या शेजारी, शेजारपाजारच्या लोकांत, काळा स्वेटर घालून उभे राहिले. हेगेलेंची मुलगी सगळ्यांशी हात मिळवत आली. तिने काकांना विचारलं, "आपण बाबांना कसे ओळखत होतात?" काका म्हणाले, "समोर राहतो."

मी तिथेच रडायला लागले. लोकांना वाटलं, हेगेलेंसाठी.

त्यानंतर आठवडाभरात काका म्हणाले, "मालिनी, मला लांडराट्सआम्टला सोडशील?" म्हणजे जिल्हा कचेरीत. काडतुसं भरण्याचा परवाना परत करायचा होता. मी म्हटलं, राहू द्या, तो काय खायला मागतो? पण ते तयार होऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

काउंटरवरची मुलगी तरुण होती, चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. तिने त्यांना खुर्ची दिली. तिने समजावलं की जर्मनीत असा परवाना नुसता हौस म्हणून मिळत नाही, त्यासाठी बेड्युर्फनिस दाखवावी लागते, म्हणजे गरज. क्लबात जाता, नेम धरता, म्हणून गरज. ती आता आहे का?

"नाही," काका म्हणाले.

"मग कारण मी असं नोंदवते: गरज उरलेली नाही. बरोबर?"

"गेनाऊ," काका म्हणाले.

ती हसली, शिक्का मारला, आणि त्यांना शुभेच्छा दिल्या.

गाडीत बसल्यावर मी पट्टा लावत होते. काका समोर बघत होते. कचेरीतलं जर्मन सोडून, स्वतःशी बोलावं तसं ते मराठीत म्हणाले, "बरोबर लिहिलं तिने. माझी गरज उरली नाही."

मी पटकन म्हणणार होते, काका, तुमची नाही हो, बंदुकीची. आणि मग मला कळलं की ते चुकून बोललेले नाहीत. मी गाडी सुरू केली.